ऑटोगायडर कोणता घ्यावा? (१५०/७५० न्यूटोनियन, ईक्यू-५, खानापूर)

रात्रपाळी_खानापूर | १२ नोव्हेंबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथले धागे नुसते वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय: ऑटोगायडर, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणारा कॅमेरा, कोणता घ्यावा?

सामान असं: १५० मिमी न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ ७५० मिमी. ईक्यू-५ माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारं बूड), दोन्ही अक्षांना मोटर, हँडसेटला गायडरचं छिद्र आहे, पण गोटू (वस्तू आपोआप शोधायची सोय) नाही. कॅमेरा जुना कॅनन ६००डी. जागा म्हणजे जांबोटी रस्त्याला मामांचं शेत. तिथं लाईट नाही. घरात लॅपटॉप आहे, पण त्याची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते.

दुखणं असं: ३० सेकंदांच्या दहा फ्रेममधल्या पाच-सहा चालतात. ६० ला दोन. ९० ला सगळे तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. मला मृगातला एम-४२ आणि अश्वशीर्ष (दोन्ही अभ्रिका) तीन-तीन मिनिटांच्या फ्रेमने काढायचाय.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, ३० मिमीचा छोटा गाइडस्कोप (गायडरसाठीची जोडदुर्बीण), एएसआय १२० एमएम मिनी कॅमेरा आणि लॅपटॉपवर पीएचडी२ (गायडिंगचं सॉफ्टवेअर). दोन, लॅपटॉपशिवाय एकटा चालणारा गायडर. तीन, एएसआयएअरचं लाल खोकं (मोबाईलवरून चालवायचा छोटा संगणक). पैसे एकदाच खर्च होणार आहेत, नंतर घरात तोंड दाखवता येणार नाही. काय घेऊ?

---

निपाणीचा_धूर | १२ नोव्हेंबर, रात्री ११.५२

खोकं घे, डोळे मिटून घे. मोबाईलवर सगळं दिसतं, थंडीत गाडीत बसून गायडिंग करता येतं. लॅपटॉपची कटकट गेली.

---

टिळकवाडी_ताई | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

निपाणीकर, त्यांचा माउंट गोटू नाही हे वाचलंत का? एएसआयएअरची निम्मी हुशारी दुर्बीण आपोआप वस्तूवर नेऊन बसवण्यात आहे. ती इथं वाया जाणार. कॅमेऱ्याच्या एसटी-४ मधून (गायडरच्या केबलचं छिद्र) गायडिंग तेवढं होईल. शिवाय ते खोकं आपल्याच कंपनीचे, झेडडब्ल्यूओचेच कॅमेरे ओळखतं. मुख्य कॅमेरा म्हणून कॅननचा डीएसएलआर चालतो, पण गाइड कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो घरी ठेवायचा. पुढं सगळं त्याच दुकानातून घ्यायची तयारी असेल तर वाईट नाही.

खानापूरकर, तुम्हाला उलटा प्रश्न. माउंट किती चुकतोय ते मोजलंय का? तुम्ही औषध विचारताय आणि ताप किती ते सांगत नाही.

---

रात्रपाळी_खानापूर | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मोजायचं कसं ताई? गायडर असल्याशिवाय?

---

टिळकवाडी_ताई | १३ नोव्हेंबर, दुपारी १.४५

कॅमेऱ्यानेच. मृगाच्या बाणातला पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो डोक्यावर आला की दुर्बीण त्याच्यावर लावा. मग माउंटचा आडवा स्क्रू फिरवून मुद्दाम एखादा अंश बिघडवा. आयएसओ १०० ठेवा, बल्बवर बारा-पंधरा मिनिटं शटर उघडं सोडा.

माउंट बिघडवल्यामुळे तारा उत्तर-दक्षिण सरकत राहील आणि वर्मगिअरच्या (माउंट फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) चुकीमुळे पूर्व-पश्चिम डुलेल. फोटोत नागमोडी रेघ उमटेल. ईक्यू-५ च्या मुख्य चाकाला १४४ दाते आहेत. पृथ्वीची फेरी ८६,१६४ सेकंदांची. भागाकार करा, ५९८ सेकंद येतात. म्हणजे एक पूर्ण लाट साधारण दहा मिनिटांची दिसली पाहिजे. लाटेची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा आणि इथं सांगा.

पिक्सेलचे आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) करायचं सूत्र: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये. ६००डी चा पिक्सेल ४.३ मायक्रॉन. तुमच्या दुर्बिणीवर एक पिक्सेल म्हणजे १.१८ आर्कसेकंद.

---

गुरुजी_कणकुंबी | १३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

ताईंनी सांगितलंय तसं करच. त्याच्या जोडीला आपल्या भागाचं एक दुखणं सांगतो. यूट्यूबवरच्या गोऱ्या लोकांचा ध्रुवतारा पन्नास अंशांवर असतो. आपला फक्त सोळा अंशांवर. जांबोटीच्या बाजूने उत्तरेला बघायचं म्हणजे बेळगावच्या दिव्यांच्या उजेडात बघायचं, त्यात झाडं, त्यात ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्याचा धूर. शिवाय इतक्या खाली वातावरणामुळे तारा असतो त्याच्यापेक्षा तीन-साडेतीन आर्कमिनिटं (अंशाचा साठावा भाग) वर दिसतो. पोलर स्कोपमधून (माउंटमधली ध्रुवतारा बघायची नळी) "बरोबर जमलं" म्हणालास तरी थोडं चुकलेलंच असतं.

म्हणून मी ध्रुवताऱ्याचा नाद सोडलाय. ड्रिफ्ट करून, म्हणजे तारा कुठं सरकतो ते बघत माउंट लावतो. वेळ लागतो, पण मलप्रभेच्या उगमाजवळ राहणाऱ्या माणसाला घाई कसली?

---

निपाणीचा_धूर | १३ नोव्हेंबर, रात्री ९.०२

गुरुजी, पाचट आमच्याकडं पण पेटवतात. नावातच आहे की आमच्या धूर.

---

चंदगडी_गवा | १४ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

जांबोटीला रात्री एकटा जात असशील तर गव्यांकडं बघून जा गा. माझ्या नावाला हसू नको. मागच्या थंडीत वैजनाथच्या डोंगराखाली कॅमेरा लावून बसलो होतो, मागं फुसफुस ऐकू आली. गायडिंगचा आलेख सरळ होता, माझा मात्र डोंगरासारखा.

---

रात्रपाळी_खानापूर | २४ नोव्हेंबर, रात्री १२.३५

उशीर झाला, मध्ये ढग होते. ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. नागमोडी आली! रुंदी ३४ पिक्सेल. म्हणजे ४० आर्कसेकंद. हे वाईट आहे का?

---

टिळकवाडी_ताई | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

ईक्यू-५ च्या मानाने ठीक. लाट गुळगुळीत आहे की मध्ये करवतीसारखे दात आहेत? गुळगुळीत असेल तर गायडर ती आरामात खाऊन टाकेल. दात असतील तर आधी गिअर उघडून जुनं ग्रीस पुसा.

आता तुमचं कोडं सुटतं बघा. लाटेच्या चढावर तारा सेकंदाला ०.२ आर्कसेकंद पळतो. ३० सेकंदांत सहा, म्हणजे पाच पिक्सेल. लाटेच्या शेंड्याला तो जवळजवळ उभा असतो. त्या वेळी घेतलेल्या फ्रेम चांगल्या येतात, चढा-उतारावरच्या जातात. तुमच्या "दहातल्या पाच-सहा" तिथूनच आल्या.

---

रात्रपाळी_खानापूर | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

बाप रे. मी दोन वर्षं वाऱ्याला शिव्या देत होतो.

---

सोळा_अंश_उत्तर | २४ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

आता खरेदीकडं येऊ. १२० एमएम मिनीचा पिक्सेल ३.७५. ३० मिमीच्या छोट्या गाइडस्कोपची फोकल लेंथ १२०. वरचं सूत्र लावलं तर ६.४५ आर्कसेकंद. तुझा मुख्य कॅमेरा १.१८ वर. म्हणजे गायडर साडेपाच पट जाड्या चष्म्यातून बघणार.

पीएचडी२ ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापर्यंत पकडतं, त्यामुळे हे अशक्य नाही. ४०० मिमीच्या रिफ्रॅक्टरला (भिंगाच्या दुर्बिणीला) तो छोटा नग झकास. ७५० ला मी ५० मिमीचा, २०० फोकल लेंथचा गाइडस्कोप घेईन. तिथं ३.८७ येतं. साधारण तिप्पट-चौपट फरक असेल तर झोप लागते.

ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गायडरकडे वळवणारा) कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, नको. न्यूटोनियनमध्ये फोकसर आधीच आत घालून कॅमेरा जेमतेम फोकसला येतो. त्यात मध्ये आणखी एक जाड चकती घातलीस तर फोकस नळीच्या आत राहील. तो प्रकार लांब फोकल लेंथच्या श्मिट-कॅसेग्रेनला, जिथं मुख्य आरसाच हलतो, तिथं शोभतो.

एकट्या चालणाऱ्या गायडरांत सिनगायडर जुना, त्याला ठळक तारा लागतो. एमजीईएन चांगला. डीएसएलआरचं शटरही तोच दाबतो आणि दोन फ्रेमच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवून डिदरिंगही करतो. जुन्या डीएसएलआरला डिदरिंग नसेल तर स्टॅक केल्यावर (फ्रेम एकावर एक जोडल्यावर) फोटोत तिरक्या रेघा पावसासारख्या दिसतात. ज्याला लॅपटॉप नकोच त्याने पैसे साठवून तो घ्यावा. पण तो एवढ्याशा पडद्यावर शिकायचा, आणि शिकताना आलेख मोठा दिसलेला बरा.

---

चंदगडी_गवा | २४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

लॅपटॉपच्या बॅटरीचं काय?

---

सोळा_अंश_उत्तर | २४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४४

गाडीची जुनी १२ व्होल्टची बॅटरी आणि १२ व्होल्टवर चालणारा लॅपटॉप चार्जर. नाहीतर रास्पबेरी पाय. पीएचडी२ त्याच्यावर पण चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. क्रेग स्टार्क नावाच्या माणसानं मूळ पीएचडी लिहिलं, नाव होतं "पुश हिअर डमी". मठ्ठ माणसा, इथं दाब. मला ते नाव फार आवडतं, पहाटे तीन वाजता आपण सगळे तेच असतो.

---

निपाणीचा_धूर | २४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

एवढं सगळं करण्यापेक्षा ईक्यू-५ विका आणि एचईक्यू-५ (त्याहून दणकट माउंट) घ्या. १५० चा न्यूटोनियन म्हणजे वाऱ्यात शीड आहे. आणि खानापूर बाजूला वारं कमी नाही.

---

टिळकवाडी_ताई | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.००

हे मात्र निपाणीकर बरोबर बोलले. पण गायडर पुढच्या माउंटवरही चालतो, माउंट विकला तर गायडरपण कामाला येतो. आधी गायडर, मग माउंट, या क्रमाने गेलात तर काही वाया जात नाही.

माझं मत: १२० एमएम मिनी, ५० मिमीचा गाइडस्कोप, पीएचडी२. दुसऱ्या हातचा कॅमेरा मिळाला तर घ्या, पण यूएसबीची खाच हलते का ते बघून. आणि तुमच्याकडे दुर्बिणीचा ५० मिमीचा फाइंडर (वस्तू शोधायची छोटी दुर्बीण) पडून असेल ना? त्याच्या मागे कॅमेरा बसेल असा अ‍ॅडॅप्टर कुणी करून दिला तर गाइडस्कोपचे पैसेही वाचतात.

---

लेथवाला_उद्यमबाग | २५ नोव्हेंबर, दुपारी २.२०

ताई मला हाक मारली काय? मी तारं बितारं काय बघत न्हाई, माझा पोरगा बघतोय, त्यानं हा धागा दावला. अ‍ॅडॅप्टर करून देतो की ओ. ड्रॉइंग नको. फाइंडर आणि कॅमेरा दोन्ही नग घेऊन या. माप घेतल्याशिवाय मी टूल लावत न्हाई.

---

रात्रपाळी_खानापूर | ९ डिसेंबर, रात्री १०.५०

फाइंडर घेऊन उद्यमबागला गेलो होतो. दादांनी अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॅप्टर करून दिला, आटे अगदी लोण्यासारखे. कॅमेरा एका सज्जनाकडून दुसऱ्या हातचा मिळाला. दिवसा लांबच्या विजेच्या खांबावर फोकस जमवून घेतला.

आणि काल रात्री पहिल्याच झटक्यात अपयश. पीएचडी२ चं कॅलिब्रेशन (माउंट ढकलला की तारा किती हलतो ते मोजणं) सुरू केलं, तारा पश्चिमेला गेला, गेला, आणि परत येईना. दहा वेळा केलं. केबल काढून लावली. हँडसेटची बटणं हाताने दाबली तर चारही दिशांना चालतंय. मामांनी चहा आणून दिला आणि म्हणाले, "एवढ्या वेळात ऊस तोडून झाला असता."

---

सोळा_अंश_उत्तर | ९ डिसेंबर, रात्री ११.०८

केबल कुठली?

---

रात्रपाळी_खानापूर | ९ डिसेंबर, रात्री ११.१०

कॅमेऱ्यासोबतची हरवली होती. घरातल्या जुन्या टेलिफोनची लावली. अगदी बरोबर बसली.

---

सोळा_अंश_उत्तर | ९ डिसेंबर, रात्री ११.१४

सापडला चोर. टेलिफोनच्या केबलमध्ये बहुधा दोन किंवा चार तारा असतात. एसटी-४ ला सहा खाचा आहेत: एक रिकामी, एक सामायिक, आणि चार दिशांच्या चार. चार तारांची केबल मधल्याच खाचांपर्यंत पोचते, कडेची एक दिशा तुटते. तुझा तारा एका बाजूला जाऊन तिथंच राहिला तो म्हणूनच. सहा तारांची केबल घे, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा आहे ना ते बघून.

एसटी-४ हे नाव एसबीआयजी कंपनीच्या जुन्या गायडरचं. तो गायडर गेला, छिद्र राहिलं. पुढं गोटू माउंट घेतलास तर हे छिद्र विसर आणि सरळ यूएसबीवरून पल्स गायडिंग कर. त्यात सॉफ्टवेअरला दुर्बीण आकाशात कुठं बघतेय ते कळतं, दरवेळी नव्यानं कॅलिब्रेशन करावं लागत नाही.

---

गुरुजी_कणकुंबी | १० डिसेंबर, सकाळी ६.१५

मामांना माझा नमस्कार सांग. कॅलिब्रेशन विषुववृत्ताजवळ आणि मध्यान्हरेषेजवळ करायचं. आपल्याकडे ते जवळजवळ डोक्यावर येतं, तेव्हा खाली चटई टाकून बस.

---

रात्रपाळी_खानापूर | २२ डिसेंबर, पहाटे ३.४०

सहा तारांची केबल. कॅलिब्रेशन झालं. आलेख सरळ. आनंदाने ओरडलो तर शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं जागं झालं.

पण. तीन मिनिटांच्या वीस फ्रेम काढल्या. आलेख सांगतोय सगळं छान आणि तारे तरी किंचित लांबट. पहिली आणि शेवटची फ्रेम एकावर एक ठेवली तर एका तासात सगळं चित्र एकाच बाजूला २० पिक्सेल सरकलंय. म्हणजे काय? गायडर खोटं बोलतोय?

---

टिळकवाडी_ताई | २२ डिसेंबर, सकाळी ८.१०

गायडर खरंच बोलतोय, पण स्वतःपुरतं. त्याचा तारा जागेवर आहे. मुख्य दुर्बीण मात्र गाइडस्कोपच्या तुलनेत हळूहळू कलतेय. याला फ्लेक्शर म्हणतात. फाइंडर कशात धरलाय? एक स्प्रिंग आणि दोन नायलॉनचे स्क्रू असलेल्या त्याच्या मूळ कड्यात ना?

---

रात्रपाळी_खानापूर | २२ डिसेंबर, सकाळी ८.३०

हो. 🙏

---

लेथवाला_उद्यमबाग | २२ डिसेंबर, सकाळी ९.४५

मला तवाच विचारायचं होतं ते कशावर बसवणार म्हणून. प्लास्टिकच्या स्क्रूवर काम राहतंय व्हय? दोन जाड क्लॅम्प करून देतो, अर्ध्या-अर्ध्या कड्या, चार बोल्ट. खाली दुर्बिणीच्या कड्यांवर सरळ पट्टी. हलंल तर पैसे परत.

---

निपाणीचा_धूर | २२ डिसेंबर, सकाळी ९.५८

दादा, मला पण दोन सेट. आणि येताना कुंदा घेऊन येतो.

---

सोळा_अंश_उत्तर | २२ डिसेंबर, दुपारी १२.२०

क्लॅम्प होईपर्यंत कॅमेऱ्याची वायर पण बघ. लोंबणारी यूएसबी केबल थंडीत ताठरते आणि फोकसर ओढते. दुर्बिणीच्या पोटाला बांधून टाक. फोकसरचा लॉक-स्क्रू आवळ. आणि मुख्य आरशाच्या मागचे स्क्रू तपास. न्यूटोनियनमध्ये आरसाच कुरकुरत असेल तर वरचे क्लॅम्प कितीही जाड करून उपयोग नाही.

पीएचडी२ मध्ये एक्स्पोजर किती ठेवलंस? एक सेकंद असेल तर तीन कर. एका सेकंदात तू हवेच्या थरथरीमागं धावतोस, माउंटच्या चुकीमागं नाही.

---

रात्रपाळी_खानापूर | १९ जानेवारी, रात्री १.२०

संक्रांत होऊन गेली, तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

नवे क्लॅम्प लागले. एका तासात आता चित्र २ पिक्सेल सरकतं, तेवढं डिदरिंगलाच लागतं. एक्स्पोजर तीन सेकंद. डेक (उत्तर-दक्षिण) अक्षाच्या गिअरमध्ये ढिलाई होती, म्हणून पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) मुद्दाम किंचित चुकवून ठेवलं, म्हणजे तारा एकाच बाजूला सरकतो आणि गायडर एकाच बाजूने ढकलतो, मागेपुढे डुलत बसत नाही. गुरुजींची युक्ती. वजनाचा तोल पण पूर्वेकडे थोडा जड ठेवला.

आकडे: आरए (पूर्व-पश्चिम) ०.९, डेक ०.७, एकूण १.१४ आर्कसेकंद आरएमएस (सरासरी चूक). ताई, माझा पिक्सेल १.१८ चा. त्याच्या आत आलो! वाऱ्याच्या रात्री दोनच्या वर जातं, तेव्हा मी सामान गुंडाळतो.

एम-४२ चे तीन मिनिटांचे ३१ फ्रेम, त्यातले २६ वापरले. गाभा जळलाय, त्यासाठी १० सेकंदांचे वेगळे काढायचे राहिलेत. अश्वशीर्ष घोड्यासारखा कमी आणि बेळगावच्या म्हशीसारखा जास्त दिसतोय, पण दिसतोय. कॅमेऱ्याचा मूळ फिल्टर लाल रंग खातो, त्यावर दुसरा धागा काढतो.

---

चंदगडी_गवा | १९ जानेवारी, सकाळी ६.५५

म्हशीला बोलू नको. फोटो चांगला हाय गा.

---

गुरुजी_कणकुंबी | १९ जानेवारी, सकाळी ७.३०

शाब्बास. आता उन्हाळ्यात नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ काढ. आपल्याकडून तो दक्षिणेला साडेसव्वीस अंश वर येतो. ध्रुवतारा खाली गेला त्याची भरपाई देवानं दक्षिणेला केलीय. एप्रिलच्या मध्याला रात्री बाराच्या सुमारास तो सर्वांत वर असतो, वळिवाच्या ढगांनी जागा दिली तर.

---

रात्रपाळी_खानापूर | १९ जानेवारी, रात्री ९.१०

काढणार गुरुजी. एक अडचण राहिली. माउंट सोळा अंशांवर लावला की काउंटरवेटचा दांडा खाली येऊन तिवईच्या पायाला टेकतो. परवा मध्यान्हरेषेजवळ मोटर ताणून आवाज करायला लागली, वेळेत बघितलं म्हणून बरं. माउंट आणि तिवईच्या मध्ये काहीतरी उंचवटा घालावा लागेल.

---

लेथवाला_उद्यमबाग | १९ जानेवारी, रात्री ९.३५

जाड पाइप, वर-खाली फ्लँज, अर्धा फूट उंची. बास का? तिवईचं डोकं काढून घेऊन या. मंगळवारी या, सोमवारी मी गावाला हाय.